४२ किलोमीटर आणि एक ई-मेल

२१ जानेवारी २०२४. पहाटेचे पावणेपाच. सीएसएमटीबाहेर हजारो लोक जागच्या जागी उड्या मारतायत. कुणी बुटाची नाडी पाचव्यांदा बांधतंय. आणि त्या गर्दीत चक्क मी! शाळेत पीटीच्या तासाला ‘पोटात दुखतंय’ म्हणून बाकावर बसून राहणारी. समोर ४२.१९५ किलोमीटर.

तुम्हाला वाटेल, सगळ्यात अवघड भाग आता सुरू होणार. चूक! तो तीन महिन्यांपूर्वीच उरकला होता. ठाण्यातल्या घरी, रात्री साडेअकराला, लॅपटॉपसमोर.

‘अ‍ॅसिडिटी’वाला दादा

मुंबई मॅरेथॉन सुरू झाली २००४ मध्ये. तिथे नुसतं हौसेनं धावता येतं, तसंच एखाद्या संस्थेसाठी पैसे जमवूनही धावता येतं. मी मानसिक आजारांवर काम करणारी एक संस्था निवडली. टार्गेट पन्नास हजार. आता ऑफिसात मेल टाकायचा आणि हात पसरायचा. पण लोक विचारणारच ना, हीच संस्था का?

खरं उत्तर होतं, माझा दादा. त्याला डिप्रेशन आहे. पण आमच्या घरात आठ वर्षं त्या आजाराचं नाव होतं ‘अ‍ॅसिडिटी’. मावसबहिणीच्या लग्नाला आला नाही? अ‍ॅसिडिटी. नोकरी सोडली? अ‍ॅसिडिटीच. नातेवाइकांनी ओव्यापासून कोकमापर्यंत सगळं सुचवून झालं होतं.

पहिला मेल मी एकदम गुळगुळीत लिहिला, ‘समाजाचं ऋण’ वगैरे. मग डिलीट केला आणि दादाच्या खोलीत गेले.

“तुझ्याबद्दल लिहू?”

तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “लिही. पण फोटो नको. आणि बिचारा-बिचारा करू नकोस.”

सेंडचं बटण दाबताना हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू!

कॉफी मशिनपाशी

पहिला रिप्लाय आला, “८०जीची पावती मिळेल ना?” म्हटलं, चला, सुरुवात तर झाली! दुसऱ्या दिवशी, एरवी डेडलाइनपलीकडे काही न बोलणारे आमचे टीम लीड कॉफी मशिनपाशी थांबले. “माझ्या आईला पण आहे,” ते हळूच म्हणाले, “कुणाला सांगू नकोस.” आठवडाभरात असे चौघं येऊन गेले. चौघांचं शेवटचं वाक्य तेच, कुणाला सांगू नकोस. म्हणजे एकाच मजल्यावर बसून आम्ही सगळे एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर १०० प्रौढांमागे साधारण १० जणांना मानसिक आजार असल्याचं दिसलं होतं. आणि बहुतेक आजारांत ७० टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. त्याला लाज हे एक कारण, पैसा हे दुसरं. मानसिक आजारालाही विमा द्या, असं २०१७ चा कायदा सांगतो खरा. पण बऱ्याच पॉलिसी हॉस्पिटलात भरती झाल्यावरच कामी येतात. दर महिन्याचं काउन्सेलिंग खिशातूनच. आमच्याकडे ते बाबांच्या पेन्शनमधून व्हायचं. ज्यांच्याकडे पेन्शन नाही, त्यांच्यासाठी मी धावणार होते.

शिवाजी पार्कचा कोपरा

तयारी जुलैपासूनच चालू होती. उपवन तलावाच्या फेऱ्या, येऊरचा चढ, रविवारी लांब पल्ला. शनिवारच्या पार्ट्या बंद! दादाला विचारलं होतं, बघायला येशील? तो म्हणाला, “जमलं तर बघू.” गर्दीत तो गेली कित्येक वर्षं गेला नव्हता, त्यामुळे मी वाट बघणार नव्हते.

सी-लिंकवरचा वारा मस्त होता. माहीम ओलांडलं आणि पिंडऱ्या बोलायला लागल्या. शिवाजी पार्कपाशी, घोळक्यापासून जरा लांब, एक ओळखीचा चेकचा शर्ट दिसला. हातात सोललेली संत्री.

“अ‍ॅसिडिटी नाही ना झाली?” दादाने विचारलं.

मी हसले की रडले, आठवत नाही. पाच तास बावन्न मिनिटांत पोचले, पेडर रोडचा चढ चक्क चालत! जमले एकाहत्तर हजार. दादा अजून औषधं घेतोय, काही दिवस वाईट जातातच. फक्त घरात आता अ‍ॅसिडिटी म्हणजे अ‍ॅसिडिटीच.

तुम्हालाही धावायचंय?

• आधी १० किलोमीटर, मग हाफ, मगच फुल. सुरुवातीला डॉक्टरांना विचारून घ्या.
• संस्था निवडताना पैसा नेमका कुठे जातो, ते विचारा.
• घरच्या माणसाची गोष्ट सांगायची असेल, तर आधी त्याची परवानगी घ्या.
• स्वतःलाच बोलायची गरज वाटतेय? सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे: १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही.