दुनळीची ताकद नळीत की सांध्यात?

शेतराखणीसाठी किंवा आजोबांच्या परवान्यावर घरात आलेली जुनी दुनळी बंदूक अनेक गावांत आजही दिसते. परवान्यावर तिची नोंद ‘डीबीबीएल’ अशी असते. ती मजबूत आहे का, हे पाहताना बहुतेकांची नजर नळीच्या जाडीवर जाते. पण अशा बंदुकीची खरी परीक्षा नळी आणि दस्ता जिथे जुळतात त्या सांध्यात होते. ती समजण्यासाठी आधी दारू कशी जळते हे पाहू.

सोरा, कोळसा आणि गंधक साधारण ७५:१५:१० या प्रमाणात मिसळून काळी दारू बनते. तिच्या जळण्याच्या वेगावर दाबाचा परिणाम तुलनेने कमी होतो. शिवाय जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग धूर आणि काजळीच्या रूपात घनच राहतो. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून धूरविरहित दारू तयार केली. ती जवळजवळ पूर्णपणे वायूत बदलते, त्यामुळे तेवढ्याच कामाला खूपच कमी दारू पुरते. मात्र तिचा स्वभाव वेगळा आहे. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो.

हे चक्र आवरते ते छर्‍यांमुळे. छर्रे पुढे सरकतात तशी वायूला जागा मिळते आणि दाब उतरतो. छर्रे जड असतील किंवा त्यांची वाट अडली, तर हा हिशेब बिघडतो. म्हणूनच दारू थोडीशी वाढवली तरी दाब त्याहून जास्त प्रमाणात वाढू शकतो. धूरविरहित दारू नवी होती त्या काळात काळ्या दारूच्या मापाने घट्ट, दाट दारू भरल्यामुळे बंदुका फुटल्या, त्यामागे हेच कारण होते.

आता सांध्याकडे वळू. युरोपीय नियमांनुसार बारा बोअरच्या साध्या काडतुसाला ७४० बार इतका कमाल दाब चालतो. कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम दुप्पट असतो, यावरून फरक लक्षात येईल. काडतुसाच्या बुडाचे आतले क्षेत्रफळ सुमारे तीन चौरस सेंटिमीटर धरले, तर क्षणभर मागच्या पोलादी भिंतीवर दोन टनांहून अधिक रेटा येतो.

दुनळी मध्यभागी मोडून उघडते. तिची बिजागरी नळ्यांच्या खाली असते आणि रेटा मात्र वरून, नळीच्या रेषेत येतो. त्यामुळे मागची भिंत मागे वाकू पाहते आणि ती खालच्या पट्टीला जिथे काटकोनात मिळते, त्या कोपऱ्यात सगळा ताण साठतो. थकलेल्या पोलादाला तडा जातो तो बहुधा तिथेच. शिवाय दोन्ही नळ्या मध्यरेषेच्या बाजूला असल्याने प्रत्येक बाराबरोबर सांध्याला पीळही बसतो. १८६३ मध्ये लंडनच्या जेम्स पर्डी यांनी पेटंट घेतलेली दुहेरी खिटी नळ्यांच्या खालच्या दातांना घट्ट धरते. पण खिटी झिजली की नळ्या डुलू लागतात आणि मग प्रत्येक बार हातोड्यासारखा बसतो.

उष्ण हवामानाचाही यात वाटा आहे. हत्ती, वाघ यांच्या शिकारीसाठी ब्रिटिशांनी बनवलेल्या दुनळी रायफलींत कॉर्डाइट ही धूरविरहित दारू वापरली जाई. तापमान वाढले की तिचा दाबही वाढे. भारत आणि आफ्रिकेतील उन्हाळा लक्षात घेऊन बनवणाऱ्यांनी काडतुसाचे कवच मोठे ठेवले आणि दाब मुद्दाम कमी राखला. सांधा जपण्याचा तो उपाय होता.

घरात जुनी दुनळी असल्यास तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. नळ्यांच्या तळाशी प्रूफ हाउसचा शिक्का असतो. तो फक्त काळ्या दारूसाठी आहे की धूरविरहित दारूसाठीही, हे त्यावरून कळते. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ पासून अशी चाचणी घेत आले आहे. दुसरे, खोलीची लांबी. जुन्या ब्रिटिश बंदुकांत ती ६५ मिलिमीटर असते. त्यात ७० मिलिमीटरचे काडतूस सहज बसते, पण बार होताना त्याचे तोंड उघडून पुढची वाट अरुंद करते आणि दाब चढतो. तिसरे, मिटलेल्या बंदुकीत खडखड किंवा फट.

ही तपासणी परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी आणि शंका असेल तोवर बार काढू नये. ज्या दारूसाठी बंदूक बनली तीच दारू, तीही ठरलेल्या मापाने, हाच तिच्या दीर्घायुष्याचा आणि आपल्या हातांचा-डोळ्यांचा विमा आहे.