सळई झाकली जाण्यापूर्वी

बांधकामाची दृश्यनोंद म्हणजे चालू कामाचे टप्प्याटप्प्याने केलेले छायाचित्रण, चलच्चित्रण व ध्वनिमुद्रण. आणि बहुमाध्यम शाखेचा विद्यार्थी प्रत्यक्ष अनुभवासाठी, म्हणजेच इंटर्नशिपसाठी, एखाद्या बांधकाम कंपनीत जातो तेव्हा त्याच्याकडे बहुधा हेच काम सोपवले जाते. वरवर पाहता ते प्रसिद्धीचे काम वाटते. परंतु बांधकाम हा आपलेच टप्पे झाकत पुढे जाणारा उद्योग असल्यामुळे, म्हणजे सळईवर काँक्रीट, काँक्रीटवर गिलावा आणि पायावर माती चढत असल्यामुळे, झाकल्या जाणाऱ्या भागाचे वेळेवर घेतलेले छायाचित्र पुढे दुरुस्तीच्या वा वादाच्या वेळी पुराव्यासारखे उपयोगी पडते.

जबलपूरजवळच्या तिलवारा घाटासारख्या नदीकाठी ही निकड अधिक जाणवते. वरच्या अंगाला असलेल्या बरगी धरणाचे दरवाजे पावसाळ्यात उघडले की घाटाच्या पायऱ्या नर्मदेच्या पाण्याखाली जातात, त्यामुळे अशा पात्रात खांबाचा पाया घालायचा तर तो पाणी उतरल्यानंतरच्या महिन्यांतच घालावा लागतो, आणि त्या मुदतीत चुकलेले दृश्य पुन्हा मिळत नाही.

अशा दृश्यनोंदीची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटातील चढ बांधला जात असताना 1859 मध्ये ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका स्वतःकडे ठेवून तो अनुभवी अभियंत्यांकरवी पुढे नेला आणि कामाची छायाचित्रेही घेतली. 25 बोगद्यांचा हा चढ 1863 मध्ये खुला झाला. त्यावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत असल्याच्या नोंदी आहेत, आणि ट्रेडवेल येण्यापूर्वी, त्याच 1859 च्या आरंभी, थकलेल्या मजुरीवरून तेथे दंगलही झाली होती. पण हे कळते ते कागदपत्रांतून, छायाचित्रांतून नव्हे. ठेकेदाराने स्वतःच टिपलेल्या कामाची ही मर्यादा आजच्या विद्यार्थ्यालाही लागू पडते, कारण तो ज्या कंपनीचे काम टिपतो तीच त्याची यजमान असते.

प्रत्यक्ष पद्धत कंटाळवाणी आहे, आणि तेच तिचे बळ आहे. कॅमेरा एकाच जागी रोवून ठराविक अंतराने चित्रे घेणे, ज्याला टाइमलॅप्स म्हणतात, यात दर दहा मिनिटांस एक चित्र घेतल्यास आठ तासांत 48 चित्रे जमतात आणि सेकंदाला 24 या गतीने ती केवळ दोन सेकंदांत संपतात. सेंट्रिंग, सळईची बांधणी आणि सळई व साच्याच्या फळीमध्ये अंतर राखणारे कव्हर ब्लॉक ही दृश्ये मात्र जवळून, मोजपट्टी चौकटीत ठेवून, तारीख व खांबाचा क्रमांक लिहून घ्यावी लागतात. त्यांना नंतरची संधी नसते. ड्रोन वापरायचा असेल तर 2021 च्या नियमांनुसार 250 ग्रॅमहून जड यंत्राच्या व्यावसायिक वापरासाठी चालकाकडे प्रमाणपत्र असावे लागते.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते ध्वनिमुद्रण. काँक्रीटमधील हवा काढणाऱ्या व्हायब्रेटरचा बदलता आवाज ऐकून तो केव्हा उचलावा हे मुरलेला कामगार ओळखतो, आणि ते कौशल्य छायाचित्रात येत नाही. कामगाराच्या संमतीने त्याचे नाव, गाव आणि त्याच्याच शब्दांतील कृती मुद्रित केली, तर बोरघाटाच्या चित्रांत जे नाही ते येथे राहू शकते. कंपनीच्या अंतिम चित्रफितीत मात्र त्या आवाजाच्या जागी बहुधा संगीत घातले जाते.