बिनपगारी म्हणजे बिनपरवाना नव्हे

‘तो काही पगार घेत नाही, मग त्याला परवाना कशाचा हवा?’ हा प्रश्न पुण्यातील सेवाभावी संस्थांच्या विश्वस्तांकडून, कार्यवाहांकडून आणि परदेशी स्वयंसेवकाला मोठ्या अगत्याने आपल्या घरात खोली देणाऱ्या कुटुंबांकडून माझ्या कानी इतक्या वेळा आला आहे, आणि तो विचारणाऱ्यांच्या सद्हेतूविषयी माझ्या मनात इतका आदर आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटू लागले आहे. जर्मनीतून, जपानमधून किंवा अमेरिकेतून एखादी विशी-बाविशीची मुलगी वर्षभर सेवा करण्याच्या इच्छेने येते, येरवड्याच्या किंवा जनता वसाहतीच्या अभ्यासिकेत मुलांना शिकवू लागते, सगळ्यांची लाडकी होते, आणि तिच्या पारपत्रावर पर्यटनाचा व्हिसा आहे याची दखल कोणी घेत नाही. कारण जेथे पैशाची देवघेव नाही तेथे सरकारचा संबंधच येत नाही, अशी आपली पक्की समजूत असते. ती सर्वथा चुकीची आहे, आणि तिचे प्रायश्चित्त समजूत करून घेणाऱ्याला न मिळता तिच्यावर विसंबून राहिलेल्या त्या परक्या मुलीला भोगावे लागते.

केंद्रीय गृह मंत्रालयाने व्हिसाविषयी जी प्रश्नोत्तरे प्रसिद्ध केली आहेत, त्यांत ही शंका निःसंदिग्ध शब्दांत निकालात काढलेली आहे. भारतात रीतसर नोंदलेल्या स्वयंसेवी संस्थेत विनावेतन, मानद स्वरूपाचे काम करू इच्छिणाऱ्या परदेशी नागरिकाला एम्प्लॉयमेंट व्हिसा देता येतो, आणि त्या व्हिसावर संस्थेचे नाव व कामाचे ठिकाण यांचा स्वतंत्र शेरा मारला जातो. या व्हिसासाठी नोकरदाराला किमान वेतनमर्यादेची जी अट असते ती मानद सेवकाच्या आड येत नाही, एवढीच काय ती सवलत. बाकी सर्व बाबतींत, मुदत, नोंदणी, पत्त्यातील बदल, कामाच्या जागेतील बदल, तो आणि एखाद्या कारखान्यात आलेला परदेशी अभियंता यांत कायदा भेद करीत नाही. येणारा माणूस येथे काय करणार, कोठे राहणार आणि त्याची हमी कोण घेणार, हे जाणून घेणे हा व्हिसाचा मूळ उद्देश आहे. त्याच्या खिशात महिनाअखेर काय पडते हा प्रश्न दुय्यम आहे.

यावर बरेच जण एक प्रत्युत्तर देतात, आणि ते अर्धे खरे असल्यामुळे अधिक घातक ठरते. पर्यटनाच्या ई-व्हिसावरही सेवाकार्य चालते, असे सरकारच्या संकेतस्थळावरच लिहिले आहे, असे ते म्हणतात. लिहिले आहे हे खरे. परंतु तेथे दोन अटीही लिहिल्या आहेत, आणि त्या वाचण्याची तसदी कोणी घेत नाही. हे काम अल्पकाळाचे, जास्तीत जास्त एक महिन्याचे असले पाहिजे, आणि त्याच्या बदल्यात पैसाच नव्हे तर अन्य कोणत्याही प्रकारचा मोबदला मिळता कामा नये. या दोन अटींचे आपल्याकडे जे होते ते पाहून मला खरोखर खेद होतो. एक महिना एका संस्थेत, दुसरा तिच्या भगिनी संस्थेत, तिसरा पुन्हा पहिल्या संस्थेत, अशी वाटणी करून वर्ष काढणारे लोक नियम पाळल्याच्या समाधानात असतात. पर्यटनाचा ई-व्हिसा पाच वर्षांच्या मुदतीचाही मिळतो, त्यामुळे पाच वर्षे सेवा करण्याची मुभा मिळाली असे मानणारेही मला भेटले आहेत. व्हिसाची मुदत ही कितीदा आणि कुठवर येता-जाता येईल हे सांगते, त्या काळात कोणते काम करता येईल हे सांगत नाही, एवढा साधा भेद त्यांच्या ध्यानात येत नाही. संस्थेने दिलेले फुकट निवास-भोजन हे ‘कोणत्याही प्रकारच्या मोबदल्यात’ मोडते की नाही, यावर तर विश्वस्तांच्या सभेत तासन्‌तास वाद होतात. वाद घालण्यापेक्षा स्वयंसेवकाने निघण्यापूर्वी आपल्या देशातील भारतीय वकिलातीकडे लेखी पृच्छा करावी आणि आलेले उत्तर संस्थेने दफ्तरी ठेवावे. याला एका पत्राखेरीज काही खर्च येत नाही.

‘इतकी वर्षे असेच चालले आहे, कोणी काही म्हटले नाही’ हे वाक्य यानंतर हमखास येते. वहिवाटीने कायदा बदलत नाही. शिवाय कायदाही आता जुना राहिलेला नाही. १९२० चा पारपत्रविषयक कायदा, १९३९ चा परकीयांच्या नोंदणीचा कायदा आणि १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट हे सारे रद्द होऊन त्यांच्या जागी इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ हा एकच कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आला आहे. व्हिसाच्या अटींचा भंग केल्यास किंवा मुदतीपेक्षा अधिक काळ राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, तीन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. प्रत्यक्षात बहुधा खटला चालत नाही. देश सोडून जाण्याची नोटीस हातात पडते, आणि नाव प्रतिबंधित यादीत गेले तर पुढे कित्येक वर्षे त्या व्यक्तीला भारताचे दार बंद होते. ज्या मुलीने आपल्या आयुष्याचे एक वर्ष आपल्या मुलांसाठी द्यायचे ठरवले, तिला या अवस्थेत लोटण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न कार्यवाहांनी स्वतःला विचारला पाहिजे.

‘आधी येऊ दे, मग इथे व्हिसा बदलून घेऊ’ हाही त्याच गैरसमजाचा पोटभेद. पर्यटनाचा ई-व्हिसा वाढवून मिळत नाही आणि त्याचे रूपांतर एम्प्लॉयमेंट व्हिसात होत नाही. स्वदेशी परतून नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणून संस्थेने आपले नोंदणीपत्र, निमंत्रणाचे पत्र, कामाचे स्वरूप, कालावधी आणि जागा यांचा तपशील माणूस निघण्याच्या बऱ्याच आधी पाठवावा. त्या पत्रात जागा नेमकी लिहिणे विशेष महत्त्वाचे आहे. कार्यालय सदाशिव पेठेत आणि प्रकल्प मेळघाटात असेल, तर दोन्ही ठिकाणे लिहावीत. व्हिसावरील शेऱ्यात एकच जागा असताना माणूस दुसऱ्या जिल्ह्यात सापडला, तर खुलासा देताना संस्थेची धावपळ होते. त्याचप्रमाणे ज्या संस्थेचे नाव व्हिसावर आहे तिनेच त्याच्याकडून काम घ्यावे. शेजारच्या शाळेला तो दोन महिने उसना देणे हे सौजन्य दिसले तरी नियमाला धरून नाही.

आल्यानंतरची दोन कर्तव्येही अशीच दुर्लक्षित राहतात. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या एम्प्लॉयमेंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीने पहिल्या आगमनापासून १४ दिवसांच्या आत परकीय नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावयाची असते. पुण्यात हे काम पोलीस आयुक्तालयाच्या कक्षेत येते आणि अर्ज आता ऑनलाइन भरता येतो. हे १४ दिवस विमानातून उतरल्यापासून मोजले जातात, कामावर रुजू झाल्यापासून नव्हे; पहिले तीन आठवडे गोवा आणि हंपी पाहून मग पुण्यात स्थिरस्थावर होणारा स्वयंसेवक येथेच फसतो. दुसरे कर्तव्य यजमानाचे आहे. लोक ज्याला ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखतात, ती परदेशी पाहुण्याच्या वास्तव्याची वर्दी २४ तासांच्या आत द्यावी लागते, आणि हे बंधन हॉटेलांइतकेच खासगी घरमालकांनाही लागू आहे. ‘ती आमच्या मुलीसारखीच आहे, तिची कसली वर्दी?’ असे म्हणणाऱ्या कोथरूडच्या आजींचा जिव्हाळा मला अमूल्य वाटतो, पण पुढे नोंदणीच्या वेळी वास्तव्याचा पुरावा मागितला जातो आणि तो नसल्यामुळे मुलीचा अर्ज अडतो, तेव्हा तो जिव्हाळा तिच्या उपयोगी पडत नाही.

‘पूर्वी गोरे लोक यायचे आणि सेवा करायचे, त्यांना कोण विचारत होते?’ असे ज्येष्ठ मंडळी म्हणतात तेव्हा बहुधा व्हेरियर एल्विन यांचेच नाव पुढे येते. एल्विन १९२७ साली इंग्लंडहून पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले आणि पुढे मध्य प्रांतातील गोंड-बैगांमध्ये राहिले. परंतु ते ब्रिटिश प्रजाजन होते, म्हणजे त्या काळच्या कायद्याच्या दृष्टीने परकीयच नव्हते. आणि तरीसुद्धा १९३२ साली स्वदेशी गेले असता राजकारणापासून अलिप्त राहण्याची हमी दिल्याखेरीज त्यांना परत येऊ दिले गेले नाही. विचारणा तेव्हाही होती आणि ती आजच्याहून कडक होती.

पैशाच्या बाबतीतला गैरसमज संस्थेच्या मुळावर येणारा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. पुण्यातच राहणारा परदेशी स्वयंसेवक आपल्या खिशातून पाचशे रुपये भारतीय चलनात देत असेल तर ती स्थानिक देणगीच झाली, असे अनेक खजिनदार मानतात. विदेशी अंशदान विनियमन कायदा, २०१०, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला एफसीआरए, चलन पाहत नाही. देणाऱ्याचे नागरिकत्व पाहतो. परदेशी नागरिकाने रुपयांत दिलेली रक्कम हेही विदेशी अंशदान आहे, आणि संस्थेला भेट दिलेला जुना लॅपटॉपसुद्धा त्यात येऊ शकतो. ज्या संस्थेकडे या कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नाही तिने ते घेता कामा नये. ज्या संस्थेकडे आहे तिलाही २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावा लागतो. आपल्या अनेक वाचकांचा येथे प्रत्यक्ष संबंध येतो: न्यू जर्सीत स्थायिक झालेला आणि अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला भाचा, नाव जोशी असो की शिंदे, या कायद्याच्या दृष्टीने विदेशी स्रोत आहे, दुबईत वीस वर्षे राहून भारतीय पारपत्र राखलेला पुतण्या नाही.

त्याच भाच्याकडे ओसीआय कार्ड असेल तर त्याला काहीच परवानगी लागत नाही, हेही पूर्ण खरे नाही. व्हिसा लागत नाही. पण संशोधन, धर्मप्रसार, पत्रकारिता यांसारख्या कामांसाठी २०२१ च्या अधिसूचनेनुसार विशेष परवानगी घ्यावी लागते. आधार कार्ड परदेशी माणसाला मिळतच नाही, ही समजूत चुकीची आहे: अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस किंवा अधिक येथे वास्तव्य असेल तर मिळू शकते, आणि त्याने नागरिकत्व सिद्ध होत नाही. परदेशी पोटाला आपले तिखट सोसत नाही म्हणून पहिल्या पंधरवड्यात ते बिघडते, असे म्हणून त्या बिचाऱ्यांना आठवडाभर दहीभातावर ठेवणाऱ्या माउलींनी मिरचीपेक्षा न उकळलेल्या पाण्याकडे आणि उघड्यावरच्या कापलेल्या फळांकडे लक्ष द्यावे.

परदेशी माणूस म्हणजे सज्जनच, ही समजूत मात्र एका ओळीत सोडून देण्यासारखी नाही. जो अनोळखी माणूस मुलांमध्ये वावरणार आहे त्याच्याकडून त्याच्या देशातील पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागणे हा त्याचा अपमान नव्हे, आणि चांगल्या स्वयंसेवकाला तसे कधी वाटतही नाही. बालगृहातील मुलांची छायाचित्रे त्याने समाजमाध्यमांवर टाकणे हे तर बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ खाली गुन्हा ठरू शकते. संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास ते कलम मनाई करते, आणि ही गोष्ट त्याला पहिल्या दिवशी सांगण्याची जबाबदारी संस्थेची आहे.

पुण्यात इंग्रजीवर भागते, असेही स्वयंसेवकांना सांगितले जाते. हॉटेलात भागते. वस्तीतील आईला, अंगणवाडीच्या सेविकेला, महापालिकेच्या दवाखान्यातील शिपायाला आणि दुसरीतल्या मुलाला जी भाषा कळते ती मराठी आहे, आणि ती न शिकता वर्ष काढणारा स्वयंसेवक दुभाषाच्या तोंडाकडे पाहत परततो. अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणमध्ये शाळा उभी केली ती मराठीत. गेल ऑम्व्हेट कासेगावात राहिल्या, १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या आणि सांगली-साताऱ्याच्या कष्टकऱ्यांशी त्यांच्याच बोलीत बोलत राहिल्या. मराठी शिकवणारे जाणते शिक्षक पुण्यात आहेत. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे मराठीचे वर्ग याच शहरात चालत आले आहेत. पहिले दोन महिने सकाळी भाषा आणि दुपारी काम, अशी व्यवस्था संस्थेने निमंत्रणाच्या पत्रातच नमूद केली तर उरलेले दहा महिने कारणी लागतात.

आणि शेवटी परतीच्या वेळचा गैरसमज. मुदत थोडी उलटली तर विमानतळावर दंड भरून सुटता येते, असे एकमेकांना सांगण्याची रीत पडली आहे. मुदतीपेक्षा अधिक राहिलेल्या व्यक्तीला देश सोडण्यासाठी नोंदणी कार्यालयाची निर्गमनाची परवानगी आधी घ्यावी लागते; ती हाती नसेल तर सीमा तपासणीच्या खिडकीवरून तिला परत पाठवले जाते, विमान निघून जाते आणि तिकिटाचे पैसे बुडतात. म्हणून संस्थेने व्हिसा संपण्याची तारीख स्वयंसेवक रुजू होईल त्याच दिवशी आपल्या नोंदवहीत लिहावी, मुदतवाढ हवी असल्यास ती संपण्यापूर्वी, शक्यतो दोन महिने आधी, अर्ज करावा, आणि तो गेला की त्याच्या निर्गमनाची वर्दीही यजमानाने त्याच कार्यालयाला द्यावी.