ऑग्सबुर्गची वाटणी

ऑग्सबुर्ग, जर्मनी

८ ऑगस्टला या शहरात सगळं बंद असतं. रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावरच्या म्युनिकमध्ये मात्र कचेऱ्या आणि दुकानं नेहमीसारखी चालू. ही सार्वजनिक सुट्टी साऱ्या जर्मनीत फक्त ऑग्सबुर्गपुरती आहे. तिचं नाव ‘शांतता उत्सव’. नगरभवनासमोरच्या चौकात टेबलं मांडली जातात, लोक घरून खाणं घेऊन येतात आणि शेजारच्या अनोळखी माणसालाही त्यातलं देतात.

तारीख मात्र कुठल्या तहाची नाही, एका अपमानाची आहे. ८ ऑगस्ट १६२९ रोजी सम्राट दुसऱ्या फर्डिनांडच्या हुकमाने इथल्या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांना पदावरून काढलं गेलं आणि त्यांच्या उपासनेवर बंदी आली. पुढे हक्क परत मिळाल्यावर प्रॉटेस्टंटांनी १६५० साली पहिला उत्सव साजरा केला, तो मुद्दाम त्याच दिवशी.

याच शहरात १५५५ साली कॅथलिक आणि लुथरपंथी राजांमध्ये तह झाला होता. ज्याचं राज्य त्याचा धर्म, असं त्याचं सूत्र; प्रजेतल्या ज्याला ते मानवणार नाही, त्याने घरदार विकून दुसरीकडे जावं. श्रद्धेचं स्वातंत्र्य मिळालं ते राजांना. प्रॉटेस्टंटांमधल्याच दुसऱ्या पंथाला, कॅल्विनपंथीयांना, तर तहात जागाच नव्हती. दोन्ही पंथ आधीपासून नांदत असलेल्या ऑग्सबुर्गसारख्या स्वतंत्र शहरांत दोघांनाही राहू द्यायचं ठरलं, पण सत्ता कशी वाटायची हे ठरलं नाही. प्रॉटेस्टंट संख्येने बरेच जास्त, आणि नगरसभेत वरचष्मा कॅथलिक घराण्यांचा. सम्राट पाचव्या चार्ल्सने १५४८ मध्ये कारागिरांच्या संघांकडून कारभार काढून घेतला, तेव्हाच ती घडी बसली होती.

ठिणगी पडली ती पंचांगावरून. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये दिनदर्शिका सुधारली आणि दहा दिवस गाळले. ऑग्सबुर्गच्या नगरसभेने पुढच्याच वर्षी ती स्वीकारली. शेजारचा बव्हेरिया कॅथलिक, त्याच्याशी रोजचा व्यापार, तेव्हा तारखा जुळायला हव्यात, हे नगरसभेचं कारण. गणित बरोबर होतं आणि कारणही व्यवहाराचं होतं. पण रस्त्यावरच्या प्रॉटेस्टंटाला त्यात दिसला तो पोपचा हुकूम. आज ईस्टर ठरवतोय, उद्या प्रार्थना ठरवेल. १५८४ च्या जूनमध्ये विरोधाचा पुढारी, धर्मोपदेशक गेओर्ग म्युलर याला शहराबाहेर घालवण्यासाठी गाडीत बसवलं, तेव्हा जमावाने गाडी अडवून त्याला सोडवलं. माणसं शस्त्रं घेऊन नगरभवनापर्यंत गेली. धर्मयुद्धांच्या इतिहासात मोठ्या लढायांची नावं येतात. मला मात्र हा दंगा जास्त शिकवतो. समोरच्यावर विश्वासच उरला नाही की तारीखसुद्धा शत्रूची होते.

तीस वर्षांच्या युद्धाने दोघांनाही भरडलं. १६३२ मध्ये स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ शहरात आला, आणि आता हटवले गेले ते कॅथलिक नगरसेवक. नंतर सम्राटाच्या सैन्याने वेढा घातला. उपासमार आणि साथी आल्या. युद्धापूर्वी चाळीस हजारांवर वस्ती असलेल्या शहरात १६३५ मध्ये सुमारे सोळा हजार माणसं उरली. हरलेल्या प्रॉटेस्टंटांची सगळी चर्चं गेली. पुढची कित्येक वर्षं ती माणसं संत अ‍ॅनाच्या विद्यालयाच्या अंगणात, उघड्यावर प्रार्थना करत होती.

हे युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहात या शहराचं नाव घेऊन नियम लिहिले आहेत. भाऊबंदकीत जमिनीचा बांधनबांध मोजून घ्यावा, तितके ते बारीक आहेत. नगरप्रमुख दोन, प्रत्येक पंथाचा एक. बाकीची पदंही निम्मी-निम्मी. एखाद्या पदावर तीन माणसं असतील तर एका वर्षी दोन कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट, पुढच्या वर्षी उलट. आणि धर्माच्या प्रश्नावर बहुमताने निर्णय लादायचा नाही. अनाथालयंसुद्धा दोन झाली. यात प्रेम कुठेच नाही. मिश्र विवाह पुढेही अपवादानेच होत राहिले. पण शेजाऱ्याला भिण्याचं कारण उरलं नाही, आणि मला ही फार मोठी गोष्ट वाटते. शंभर वर्षं उपदेशांनी जे साधलं नाही, ते या रुक्ष कलमांनी साधलं. अठराव्या शतकात कॅथलिकांची संख्या वाढत जाऊन तेच बहुसंख्य झाले, तरी वाटणी बदलली नाही. १८०६ मध्ये शहर बव्हेरियाच्या ताब्यात गेलं, तोवर ती टिकली.

जुन्या शहराच्या दक्षिण टोकाला संत उलरिखची दोन चर्चं एकमेकांना चिकटून उभी आहेत: मागे उंच कॅथलिक चर्च, पुढे लहानसं प्रॉटेस्टंट. संत अ‍ॅनाचं चर्च लुथरपंथी आहे, पण त्यातच याकोब फुगर या कट्टर कॅथलिक सावकाराचं समाधिमंदिर आहे. त्याच्या पेढीने दिलेल्या कर्जाचे पैसे पापमुक्तीपत्रांच्या विक्रीतून फिटत होते, आणि त्याच विक्रीवर लुथरपंथाचा प्रवर्तक ल्यूथर तुटून पडला. १५१८ मध्ये पोपचा प्रतिनिधी कार्डिनल कायेतान याच्यापुढे जबाब द्यायला ल्यूथर आला, तेव्हा तो संत अ‍ॅनाच्या मठातच उतरला होता. १९९९ मध्ये, ३१ ऑक्टोबरला, कॅथलिक आणि लुथरपंथी प्रतिनिधींनी मुक्तीच्या सिद्धांतावरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, त्याही याच चर्चमध्ये.

इथे नव्याने राहायला आलेल्याला नोंदणीच्या अर्जात धर्म विचारतात. चर्चचे सदस्य असाल तर बव्हेरियात आयकराच्या आठ टक्के रक्कम चर्चकर म्हणून कापली जाते. ज्यू समाजालाही अशी कराची सोय आहे. बहुतेक मुस्लिम संघटनांना मात्र ती मिळालेली नाही. आजच्या ऑग्सबुर्गमध्ये तुर्की बोलणारी घरं गल्लोगल्ली आहेत, आणि कुठलंच चर्च न मानणारेही पुष्कळ आहेत. उत्सवाचे कार्यक्रम आता सर्व धर्मांसाठी खुले आहेत आणि चौकातल्या टेबलावर सगळे बसतात. पण १५५५ च्या तहाने कॅल्विनपंथीयांना बाहेर ठेवलं आणि त्याची किंमत युरोपने मोजली. म्हणून करआकारणीत कोणाला जागा आहे आणि कोणाला नाही, हा प्रश्न मला इथे केवळ हिशेबाचा वाटत नाही.