120 कोटींचा आकडा आणि आपली मुलं

मे 2024 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका न्यायालयाने ‘एंजिनओनिंग’ या टोळीविरुद्ध निकाल दिला. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या गेमसाठी चीट, म्हणजे खेळात लबाडी करू देणारी सॉफ्टवेअर, तयार करून विकायची, हा या टोळीचा धंदा. गेम बनवणाऱ्या ॲक्टिव्हिजन कंपनीला टोळीने 1,44,65,600 डॉलर द्यावेत, असं न्यायालयाने सांगितलं. तेव्हाच्या दराने ही रक्कम सुमारे 120 कोटी रुपये होते.

अशी बातमी सोसायटीच्या ग्रुपवर पडली की तिचं ‘गेम हॅक केला म्हणून 120 कोटी दंड’ व्हायला वेळ लागत नाही. बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर विप्रोच्या मुख्यालयापासून दोम्मसंद्रापर्यंत उभ्या राहिलेल्या सोसायट्यांत पुण्याहून, नागपूरहून, कोल्हापूरहून आलेली मराठी घरं पुष्कळ आहेत. आईबाबा दोघंही सॉफ्टवेअरमध्ये आणि संध्याकाळी पोरं बीजीएमआय या मोबाइल गेमवर, हे तिथलं नेहमीचं चित्र. बातमी वाचून एक आई घाबरून विचारते, “अहो, आमच्याने परवा कसलंसं मॉड उतरवलं होतं, आम्हालाही नोटीस येईल का?” आणि कोडिंगमध्ये उभी हयात गेलेला शेजारी म्हणतो, “गेमच तर आहे, त्यासाठी माणसाला देशोधडीला लावायचं?” भीती अस्थानी आहे आणि रागही अर्धवट माहितीवर उभा आहे. म्हणून एकेक समजूत तपासून पाहू.

गैरसमज: खेळणाऱ्या पोराला हा दंड झाला.

नाही. एंजिनओनिंगचे लोक चीटचा बाजार चालवत होते. महिन्याची वर्गणी घ्यायची, नवा पॅच आला की चीट अद्ययावत करायचं, ग्राहकांच्या तक्रारी सोडवायच्या, असा सगळा व्यवहार. शिवाय ही रक्कम सरकारी तिजोरीत जाणारा दंड नव्हे. ती फिर्यादी कंपनीला मिळायची नुकसानभरपाई आहे. आतापर्यंतचे बहुतेक मोठे आकडे अशा विक्रेत्यांवरच पडले आहेत.

याला अपवाद आहेत. 2025 मध्ये एपिक गेम्सने ‘फोर्टनाइट’च्या बक्षिसाच्या स्पर्धांत चीट वापरणाऱ्या एका खेळाडूवर दावा लावला आणि 1,75,000 डॉलरचा निकाल मिळवला. ही रक्कम धर्मादाय संस्थेला देऊ, असं कंपनीने जाहीर केलं. तिथे प्रश्न स्पर्धेच्या पैशांचा होता. घरी सोफ्यावर बसून खेळणाऱ्याच्या वाट्याला बहुधा एकच शिक्षा येते, ती म्हणजे आयडी बॅन.

गैरसमज: एवढा आकडा म्हणजे कंपनीचं तेवढं नुकसान झालं असणार.

हा गैरसमज सर्वांत मोठा, म्हणून इथे जरा थांबायला हवं. 1,44,65,600 हा आकडा आला कुठून? 72,328 गुणिले 200. अमेरिकेत चीट किती वेळा उतरवलं गेलं त्याची संख्या 72,328 धरली आणि प्रत्येक वेळेमागे 200 डॉलर लावले. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात डिजिटल कुलूप तोडणाऱ्या प्रत्येक कृत्यामागे 200 ते 2,500 डॉलर भरपाई देता येते. प्रत्यक्ष तोटा किती झाला हे कंपनीला सिद्ध करावं लागत नाही. इथे तर किमान दर लागला होता.

2022 मध्ये ‘डेस्टिनी 2’ बनवणाऱ्या बंजी कंपनीने एलिट बॉस टेक या विक्रेत्याशी संमतीने निकाल करून घेतला. तिथे 6,765 वेळांमागे प्रत्येकी 2,000 डॉलर धरले गेले आणि बेरीज झाली 1 कोटी 35 लाख डॉलरहून अधिक. एंजिनओनिंगचा दर लावला असता, तर हाच आकडा साडेतेरा लाखांवर आला असता. गुन्ह्याची जात एक, पण दर दहापट.

त्याहून बोलकं उदाहरण एमजंकीजचं. याच बंजीने या चीटविक्रेत्यांविरुद्ध दोन वाटा धरल्या. 2023 मध्ये लवादाने कुलूप तोडण्याच्या कलमाखाली आणि खर्चापोटी 40 लाख डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. मे 2024 मध्ये, म्हणजे एंजिनओनिंगच्या निकालाच्याच महिन्यात, सिएटलच्या ज्यूरीपुढे कॉपीराइट भंगाचा मुद्दा आला. ज्यूरीने त्यांना दोषी ठरवलं, पण भरपाई दिली 63,210 डॉलर, म्हणजे साधारण 52 लाख रुपये. माणसं तीच, चीट तेच, गेम तोच, फक्त कलम बदललं. एका वाटेने कोट्यवधी रुपये आणि दुसऱ्या वाटेने लाखांत, इतका फरक पडत असेल, तर आकडा अपराधापेक्षा कलमाच्या गणितावर जास्त ठरतो असं म्हणावं लागेल. मोठ्या रकमांबद्दल माझा खरा आक्षेप हाच आहे. आकडा मोठा असायला हरकत नाही, पण तो कशावर उभा आहे हे दिसलं पाहिजे.

गैरसमज: एवढे पैसे वसूल होतात.

क्वचितच. अशा अनेक खटल्यांत प्रतिवादी परदेशात असतात आणि न्यायालयात फिरकतही नाहीत. मग निकाल एकतर्फी होतो. कंपनीच्या हाती प्रत्यक्षात येते ती मनाईची आज्ञा आणि वेबसाइटचा ताबा. धंदा बंद पाडायला त्याचा उपयोग होतो, आणि तो योग्यच आहे.

पण जो हाती सापडतो त्याचं काय होतं, ते गॅरी बाउझरच्या प्रकरणात दिसतं. तो कॅनडाचा. ‘टीम झेक्यूटर’ ही टोळी निन्टेन्डोच्या यंत्रांची कुलपं तोडणारी साधनं विकायची, म्हणजे मामला चीटचा नव्हे, चोरीच्या गेमचा होता. बाउझर तिची प्रसिद्धी आणि विक्रीची बाजू पाहायचा. फेब्रुवारी 2022 मध्ये त्याला 40 महिन्यांची कैद झाली. फौजदारी खटल्यात 45 लाख डॉलर आणि दिवाणी तडजोडीत 1 कोटी डॉलर देणं त्याच्या डोक्यावर बसलं. तुरुंगात असताना महिन्याला 25 डॉलर कापले जात. सुटकेनंतर मासिक मिळकतीचा पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक निन्टेन्डोला द्यायचा, असं ठरलं. या गतीने तो जन्मभर फेडत राहिला तरी रक्कम संपणार नाही. टोळीतल्या ज्या दोघांवर सूत्रधारीचा आरोप होता, ते मात्र अमेरिकी न्यायालयापुढे उभे राहिलेच नाहीत. शिक्षा व्हायला हवी होती, ती झाली. पण टोळीच्या कमाईचा बोजा हाती लागलेल्या एकट्या माणसावर टाकणं मला न्याय्य वाटत नाही.

गैरसमज: गेममध्ये फसवलं तर कुणाचं काय बिघडतं?

सर्जापूर रोडच्या त्या शेजाऱ्याला याचं उत्तर द्यायला हवं. ऑनलाइन सामन्यात सर्व्हर प्रत्येक फोनला इतर खेळाडूंच्या जागा कळवत असतो, नाहीतर ते पडद्यावर दिसणारच नाहीत. चीट ही माहिती फोनच्या मेमरीतून उचलतं आणि भिंतीपलीकडचा माणूस दाखवतं किंवा नेम आपोआप डोक्यावर लावतं. समोरचा प्रामाणिक खेळाडू हरतो आणि आपण का हरलो हेही त्याला कळत नाही.

आता या खेळात पैसा आहे. बीजीएमआयच्या 2021 च्या भारतीय मालिकेत एकूण बक्षीस 1 कोटी रुपये होतं. ऑक्टोबर 2018 मध्ये शांघायच्या एक्स्ट्रीम्सलँड स्पर्धेत ऑप्टिक इंडियाचा ‘फोरसेकन’ या नावाने खेळणारा खेळाडू ‘काउंटर स्ट्राइक’च्या सामन्यात पकडला गेला. आयोजक त्याच्या मागे येऊन उभे राहिले, संगणक तपासू लागले आणि तो हात पुढे घालून फाइल घालवायची धडपड करत होता. हे सगळं चित्रफितीत दिसतं. चीटच्या फाइलचं नाव होतं ‘वर्ड डॉट ईएक्सई’. संघ बाद झाला आणि ऑप्टिकने भारतातला संघच बंद केला. चीट न वापरलेल्या चार सहकाऱ्यांची उमेद एका दुपारी गेली. त्याला पाच वर्षांची बंदी झाली, पैशांचा दंड नाही. खेळातल्या लबाडीला खेळातून दूर ठेवणं, ही शिक्षा मला कुठल्याही कोटीच्या आकड्यापेक्षा नेमकी वाटते.

गैरसमज: भारतातही असेच आकडे लागतात.

आपला कायदा वेगळ्या रीतीने विचार करतो, आणि माझ्या मते जास्त शहाणपणाने. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 प्रमाणे दुसऱ्याच्या संगणकात वा यंत्रणेत परवानगीशिवाय शिरणं, माहिती उतरवणं, बिघाड करणं यासाठी भरपाई द्यावी लागते. हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं, तर कलम 66 लागतं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा जामीनपात्र. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर कलम 66 सी, त्यात दंडाची मर्यादा 1 लाख. फौजदारी दंड म्हणून 120 कोटी या कलमांत बसतच नाहीत.

भरपाईचा 5 कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. ते न्यायनिर्णय अधिकारी असतात. त्याहून मोठा दावा दिवाणी न्यायालयात. रक्कम ठरवताना काय पाहायचं, ते कलम 47 सांगतं: आरोपीने मिळवलेला गैरफायदा, फिर्यादीचं नुकसान आणि कृत्य पुन्हा पुन्हा केलं का. डाउनलोड गुणिले ठरावीक दर, असा हिशोब त्यात नाही.

ही पद्धत चालते कशी, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे, जरी तो गेमचा नसला तरी. पुण्याच्या पूना ऑटो ॲन्सिलरीज या कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून फिशिंग करून 80 लाख 10 हजार रुपये वळवले गेले. 2013 मध्ये राज्याचे तेव्हाचे आयटी सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला 45 लाख द्यायला सांगितलं. तक्रारदाराने फसव्या मेलला उत्तर दिलं होतं, म्हणून काही जबाबदारी त्याचीही धरली. बँकेने सुरक्षेत हयगय केली, म्हणून तिच्यावर मोठा वाटा टाकला. नुकसान किती आणि चूक कुणाची किती, हे मोजून काढलेला आकडा असा असतो.

आपली उणीव आहे ती गतीत. देशातलं पहिलं सायबर पोलीस ठाणं 2001 मध्ये बंगळुरूतच सुरू झालं. त्याच शहरात नोव्हेंबर 2020 मध्ये श्रीकी या नावाने ओळखला जाणारा तरुण पकडला गेला. पोकरसारख्या ऑनलाइन गेमच्या साइट आणि क्रिप्टो एक्स्चेंज हॅक केल्याचे आरोप पोलिसांनी त्याच्यावर ठेवले आणि 9 कोटींचे 31 बिटकॉइन जप्त केल्याचंही सांगितलं. पुढे जामीन, राजकीय आरोप-प्रत्यारोप, 2023 मध्ये विशेष तपास पथक आणि 2024 मध्ये पुन्हा अटक, अशी वर्षं गेली. नियमांप्रमाणे न्यायनिर्णय अधिकाऱ्याने भरपाईचा अर्ज शक्यतो चार आणि फार तर सहा महिन्यांत निकाली काढायचा असतो. शिक्षा लहान असली तरी चालेल, पण ती वेळेत झाली, तर चीट विकणाऱ्याला जास्त धाक वाटेल.

गैरसमज: मुलाने काही केलं, तर आईबाबांवर कोटींचा बोजा येतो.

अज्ञान मुलाशी केलेला करार आपल्याकडे रद्दबातल असतो, हे 1903 पासून ठरलेलं आहे. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाने ‘मला मान्य आहे’ दाबलं, म्हणून तो गेम कंपनीच्या अटींना करार म्हणून बांधला जात नाही. फौजदारी बाजूने पाहिलं, तर अठराखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं आणि तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा तिथे किरकोळ वर्गात मोडतो. अमेरिकेतही 2017 मध्ये एपिकने चीटचे व्हिडिओ टाकणाऱ्या एका चौदा वर्षांच्या मुलावर दावा लावला होता. त्याच्या आईने थेट न्यायालयाला पत्र लिहून तो अल्पवयीन असल्याचं सांगितलं. प्रकरण शेवटी तडजोडीने मिटलं.

म्हणून त्या आईला सांगतो: कोटींच्या नोटिशीची भीती मनातून काढा, पण ते मॉड एपीके, म्हणजे गेमची फेरफार केलेली फाइल, आजच काढून टाका. अशा फाइलला अनेकदा मेसेज वाचायची परवानगी दिलेली असते आणि त्याच फोनवर तुमचं यूपीआय असेल, तर धोका न्यायालयापेक्षा बँकखात्याला जास्त आहे. पासवर्ड बदला. पैसे गेले असतील, तर ताबडतोब 1930 ला फोन करा. आणि मुलाचाच आयडी कुणी चोरून विकला असेल, तर ‘गेमच तर आहे’ म्हणून सोडू नका. स्क्रीनशॉट आणि व्यवहाराच्या पावत्या जपून ठेवा, सायबर ठाण्यात तक्रार द्या आणि कलम 46 खाली न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे भरपाईचा अर्ज करा. हा हक्क कंपन्यांइतकाच तुमचाही आहे.