एकच नियम, दोन पंच

जळगावच्या एका शालेय रोबोट स्पर्धेला आम्ही धुळ्याहून मुलांना घेऊन गेलो होतो. काळ्या पट्टीवरून धावणारा रोबोट वळणावर अडकला. आमच्या मुलीने तो उचलून मागच्या खुणेवर ठेवला. पंचांनी फेरी बाद केली. शेजारच्या टेबलावर हेच घडले, तेव्हा तिथल्या पंचांनी फक्त पाच सेकंदांचा दंड लावला! परतताना पारोळ्यापर्यंत गाडीत कुणी बोलले नाही. मग ती म्हणाली, "अब्बू, हरल्याचं काही नाही. पण खरा नियम कोणता?"

पंचांच्या मनात खोट होती, असे आम्ही मानत नाही. एकाच वेळी चार टेबलांवर फेऱ्या चालतात, पंच बहुधा हौसेने आलेले असतात आणि 'हात लावू नये' या वाक्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो. कडक नियम मुले सोसतात. माणसागणिक बदलणारा नियम त्यांना सोसवत नाही.

२०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबमुळे सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती सेन्सर आणि मोटारी आल्या. आता स्पर्धांनाही शिस्त हवी. अमेरिकेत १९८९ साली सुरू झालेल्या 'फर्स्ट' संस्थेच्या स्पर्धांत शंका विचारायची ठरलेली जागा असते. तिथे मुख्य पंचांशी विद्यार्थ्यानेच बोलायचे. पालकांनी किंवा शिक्षकांनी नाही. मोबाइलवरचे चित्रीकरण पुरावा म्हणून पाहिले जात नाही. हंगामात विचारलेल्या शंकांची उत्तरे सर्व संघांसाठी जाहीर होतात.

आपल्याकडेही हे जमण्यासारखे आहे. सकाळी सर्व पंचांनी एकत्र बसून हात लावणे, पट्टी सोडणे, पुन्हा सुरुवात करणे यांचा अर्थ ठरवावा आणि मराठीत फळ्यावर लिहावा. दिवसभरात एखादा निर्णय नव्याने घ्यावा लागला, तर तोही त्याच फळ्यावर यावा.

आणि पालकहो, आपणही टेबलाभोवती आवाज चढवू नये. त्या दिवशी आमचाही चढला होता आणि मुलगी मान खाली घालून उभी होती. इन्साफ मागायचा तर नियमावलीचे पान उघडून, सलाम करून, शांतपणे मागावा. तेही मुलांनीच.

पुढच्या स्पर्धेला ती फेरीआधीच पंचांकडे गेली आणि विचारून आली. आम्ही मागे खुर्चीवर बसून राहिलो.