लाल दगडातलं नंदिवर्धन

वाकाटक राजघराणं म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अजिंठा उभा राहतो. त्यात चूक काही नाही. तिथलं सोळा क्रमांकाचं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं करवून घेतलं, हे लेण्यातल्या शिलालेखातच आहे. पण हरिषेण वत्सगुल्मचा, म्हणजे आजच्या वाशीमच्या शाखेचा. थोरली शाखा नांदत होती नागपूरपासून तास-दीड तासाच्या वाटेवर, नंदिवर्धनात. आजचं नगरधन ते हेच. या थोरल्या घरानं घडवलेली शिल्पं अजिंठ्याच्या पंक्तीला बसण्याच्या योग्यतेची आहेत, असं मी पूर्ण जबाबदारीनं म्हणतो. ती पाहायला मात्र फारसं कुणी जात नाही, ही खंत आहे.

या कथेच्या मध्यभागी एक राणी आहे. प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक आणि वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची पत्नी. पती अकाली गेला, मुलं लहान होती, तेव्हा पाचव्या शतकाच्या सुरुवातीला राज्याचा गाडा तिनं स्वतः हाकला. नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी उत्खनन केलं, त्यात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. मुठीत सहज मावेल एवढी ती मुद्रा. वर ब्राह्मी अक्षरांत राणीचं नाव आणि सोबत शंख. माहेरची विष्णुभक्ती तिनं सासरी आणली, याची एवढीशी पण खणखणीत साक्ष.

मोठी साक्ष रामटेकच्या टेकडीवर आहे. रामाच्या दर्शनाला जाणारी गर्दी केवल नरसिंहाच्या देवळावरून पुढे सरकते, क्वचितच कुणी आत डोकावतं. गाभाऱ्यात माणसाहून मोठा, भरदार नरसिंह बसला आहे. एक गुडघा उभा, त्यावर हात टेकलेला, दुसऱ्या हातात चक्र. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, फाडलेलं पोट नाही, आतडी नाहीत. काम उरकून निवांत बसलेल्या राजासारखी त्याची बैठक आहे. खांदे आणि छाती यांत सिंहाचं बळ असं भरलंय की नखं दाखवायची गरजच शिल्पकाराला पडलेली नाही. मला हे शिल्प गुप्तकाळातल्या कुठल्याही उत्तम मूर्तीइतकं मोलाचं वाटतं. देवळाच्या भिंतीतला शिलालेख १९८० च्या दशकात उजेडात आला. त्यावरून हे मंदिर प्रभावतीच्या स्मरणार्थ उभं राहिलं, असं अभ्यासक मानतात. म्हणजे एका राणीच्या आठवणीसाठी बांधलेल्या या मंदिराचं आयुष्य पंधरा शतकांहून मोठं आहे.

याच टेकडीवर अखंड दगडातला वराह आहे. भाविक त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघतात. ज्याच्या पदरी पाप तो अडकतो, अशी समजूत. विदिशेजवळच्या उदयगिरीला प्रभावतीच्या वडिलांच्या काळातला प्रसिद्ध वराह आहे. तिथं नरदेह आणि वराहमुख, इथं अख्खा वराह. लेकीनं वडिलांचा देव आणला, पण रूप वेगळं घडवलं. जवळच हातपाय तुटलेला त्रिविक्रम आहे. उरलेल्या धडावरूनही त्या पावलाचा आवेग कळतो.

रामटेकहून मनसर काही किलोमीटरवर. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन यानं प्रवरपूर ही राजधानी वसवली. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी ती वर्ध्याजवळच्या पवनारला असल्याचं मांडलं होतं. पुढे जगतपती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी मनसरला उत्खनन केल्यावर अनेकांचा कौल मनसरकडे झुकला. हिडिंबा टेकडीवर विटांचं भव्य बांधकाम निघालं, शिल्पं निघाली आणि पायाच्या आत चुन्याची मोठी मानवाकृतीही निघाली. ती वास्तुपुरुषाची की प्रतीकात्मक बळीची, यावर विद्वानांत अजून खल चालू आहे.

मनसरचा सर्वांत देखणा ऐवज मात्र मनसरला नाही. १९७२ साली मिळालेला तो ठेंगणा, गुबगुबीत शिव दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जटेत चंद्रकोर, तिथंच कवटी आणि चेहऱ्यावर मिटल्या ओठांचं हसू. मृत्यूचं चिन्ह डोक्यावर मिरवणारा देव इतका प्रसन्न दिसू शकतो, हे विदर्भाच्या शिल्पकारानं दाखवलं. दिल्लीला गेलात तर त्याला आवर्जून भेटा. तो आपल्या गावचा आहे.

कुही तालुक्यातल्या मांढळला अजय मित्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठानं सत्तरच्या दशकात खोदकाम केलं. तिथला आठ तोंडांचा शिव विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास विभागात आहे. पवनारची गोष्ट आणखी वेगळी. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली गीतेवर बोलताना विनोबांनी भरत-रामाच्या भेटीचं चित्र मनाशी रंगवलं होतं. पुढे पवनारच्या आश्रमात जमीन खणताना तेच शिल्प हाती लागलं. विनोबांनी त्याचं मंदिर केलं.

आणि नागपुरात अजब बंगला आहेच. १८६३ साली, रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त असताना, हे मध्यवर्ती संग्रहालय सुरू झालं. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी, त्यामुळे बालाघाटकडच्या गुंगेरियाची तांब्याची हत्यारं इथं आली, तशी अकोला जिल्ह्यातल्या राजनापूर खिनखिनीची जैन धातुशिल्पंही आली. लेकरांना पेंढा भरलेला वाघ दाखवून लोक परत फिरतात. त्यांनी शिल्पांच्या दालनात थांबावं, आणि मूर्तीचं नाव वाचण्याआधी ती कुठल्या गावची हे वाचावं. गाव कळलं की पुढच्या रविवारी तिथं जाता येतं. मनसर, नगरधन आणि रामटेक एका दिवसात होतात. नरसिंहासाठी त्यातला निदान अर्धा तास राखून ठेवा.